दुसऱ्या डिस्कवरची अंतरा

१८ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे ठाण्याला. वर्तकनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. योगिनीचं म्हणणं, चिपळूणच्या घरातूनसुद्धा एवढं हिरवं दिसत नव्हतं. साफ खोटं आहे, पण ती खूश होती म्हणून मी मान डोलावली. टेम्पोवाल्याने कपाटाचा एक पाय मोडला, तिकडे बारकी वीट लावली. अंतराने गॅस सिलिंडरच्या चाकांच्या ट्रॉलीची गाडी केली आणि सबंध हॉलभर फिरली. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या त्या भांडायला असं वाटलं, तर त्या तिच्यासाठी चिवडा घेऊन आलेल्या. दिवाळीची सुट्टी संपून तिची नवी शाळा आजच सुरू झाली. पहिलीचा वर्ग. पुढचे दोन्ही दात पडलेत, त्यामुळे बाईंनी नाव विचारल्यावर तिने 'अंतरा'चं काय केलं असेल देव जाणे.

माझी नोकरी नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, एका दवाखान्याच्या वर. 'दामले फोटो'. मालक त्र्यंबक दामले सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी छापील. त्यांच्या वडिलांच्या वेळी इथे डार्करूम होती. आता लोक जुने अल्बम आणि लग्नाच्या कॅसेटी आणून देतात, साईनाथ नावाचा मुलगा अल्बम स्कॅन करतो, कॅसेटी उतरवून घेतो आणि सगळं सर्व्हरवर साठवतो. दामले म्हणाले, "मुकुलराव, अर्ध्या ठाण्याच्या आठवणी आपल्याकडे आहेत, आणि त्या अधूनमधून नासतात. का नासतात ते तुम्ही शोधायचं."

महिनाभरात शोधतो म्हटलं. फुशारकी नाही, हेच काम मी आठ वर्षं करतोय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रोग काय आहे ते लिहून ठेवतो, म्हणजे डोकं साफ राहील.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एकमेकींची आरशातली प्रतिमा. फोटो साठवला की तो एकाच वेळी दोन्हींवर लिहिला जातो. एक मेली तर दुसरी आहेच. पण इथे डिस्क मरत नाहीत. दोन्ही ठणठणीत आहेत आणि तरी मधूनच पहिल्या डिस्कवरचा फोटो बिघडतो. वरचा भाग नीट, मग एक राखाडी पट्टा, मग पुन्हा नीट. फाइल सिस्टिम तपासली की शंभर चुका निघतात, दुरुस्त केल्या की आठवड्याने परत येतात.

अशा वेळी संशयितांची रांग ठरलेली असते. केबल, मग रॅम, मग वीज, मग डिस्क जोडलेलं कार्ड. एकेक बदलायचं आणि वाट बघायची. आज केबल बदलल्या.

सर्व्हरवर 'विश्राम' नावाचं एक खातं आहे, सगळे अधिकार असलेलं. माझ्या आधी कोण होतं म्हणून विचारलं, तर दामले म्हणाले कुणीच नव्हतं, बाहेरून माणूस बोलावत होतो. साईनाथही तेच म्हणाला. पण माझ्या खुर्चीवर पाठदुखीवाल्याची असते तशी उशी बांधलेली आहे आणि खणात एक घासून ठेवलेला डबा आहे. असेल कुणाचातरी.

२५ नोव्हेंबर, सोमवार

रॅम तपासली, निर्दोष. यूपीएस बदलला. तीन दिवस एकही चूक नाही. साईनाथने खाली जाऊन सगळ्यांसाठी वडापाव आणले.

काल अंतराला तलावपाळीला नेलं. बोटीत बसल्यावर ती इतकी गप्प झाली की योगिनी घाबरली. नंतर कळलं की ती मासे मोजत होती. खूप फोटो काढले. आज ते सगळे सर्व्हरवर टाकले, चाचणीसाठी. त्यामागे कारण आहे. परक्यांच्या फोटोत काय बिघडलं ते मला कळत नाही, आपल्या माणसांच्या फोटोत केसभर फरक पडला तरी डोळ्याला दिसतो. मग चिपळूणचेही टाकले, बारशापासूनचे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चुका परत आल्या. कार्ड बदललं होतं तरी आल्या.

आज दुपारी डोंबिवलीहून मालनबाई म्हणून एक बाई आल्या. त्यांचा मुलगा कमलेश सहा वर्षांपूर्वी बाइकवरून पडून गेला. घरात पाणी शिरून अल्बम कुजला, पण त्याआधी त्यांनी तो इथे स्कॅन करून घेतला होता. ते फोटो हवे होते. मी उघडले. मुंजीचा, दहावीच्या निकालाचा, मामाच्या लग्नातला. प्रत्येकात राखाडी पट्टा आणि प्रत्येकात तो नेमका कमलेशच्या अंगावरून गेलेला. शेजारी उभे असलेले नीट. मागची भिंतसुद्धा नीट.

यंत्राला चेहरा कळत नाही. त्याच्या लेखी सगळे नुसते आकडे, आणि तेही डिस्कवर कुठे कुठे पसरलेले. तरीही असं.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा समजलंच नाही. म्हणाल्या, "साहेब, माझी रतन आहे ना, त्याची सख्खी बहीण, ती विचारते कोण कमलेश. आधी वाटलं दुःखानं करते. पण तिला खरंच आठवत नाय हो. भिंतीवरचा एकच उरलाय, तो दाखवला तरी ओळखत नाय. म्हणून दोघांचे एकत्र फोटो पायजेत. दाखवीन, मग आठवेल."

मी दुसरी डिस्क वेगळी उघडून बघितली. तिच्यावर सगळे फोटो धडधडीत शाबूत. कमलेश हसतोय, एक भुवई तुटलेली. सोमवारी काढून देतो म्हणून बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या हाताला हात लावून नमस्कार केला.

२ डिसेंबर, सोमवार

फोटो गेले. दोन्हींवरचे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व्हर आपोआप दोन्ही डिस्क ताडून बघतो आणि फरक दिसला की दुरुस्त करतो, असं कुणीतरी लावून ठेवलं होतं. पण कुठली प्रत खरी हे आरशाला कळत नाही. तो डोळे मिटून पहिलीवरचं दुसरीवर उतरवतो. म्हणजे काल त्याने खराब प्रत चांगल्या प्रतीवर लिहिली. मी शुक्रवारीच काढून घेतले असते तर—

ते आपोआप चालणं मी बंद केलं. फोनवर सांगायची लाज वाटते. बुधवारी डोंबिवलीला जातो.

४ डिसेंबर, बुधवार

मालनबाईंनी ओळखलं मला. "फोटोवाले ना, या या," म्हणून आत बोलावलं, चहा टाकला. रतनही होती. मी मान खाली घालून सांगितलं की कमलेशचे फोटो वाचवता आले नाहीत.

बाई चहा गाळता गाळता थांबल्या. "कुठला कमलेश?"

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. तुमचा मुलगा, म्हटलं. त्या हसल्या. रतनकडे बघून म्हणाल्या, "मला ही एकुलती एक. तुमचा कायतरी घोटाळा झालाय भाऊ. मी तर माझ्या लग्नाचे फोटो विचारायला आलेले."

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर फ्रेम होती. तोच. तुटकी भुवई. फोटोला चंदनाचा हार. मी बोट दाखवलं तेव्हा दोघींनी एकदमच वर बघितलं. रतन म्हणाली, आधीच्या भाडेकऱ्याचा असेल, काढायचा राहून गेला. बाई स्टुलावर चढल्या, फ्रेम काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "कुणाचा पोरगा आहे शोधा हो. आई वाट बघत असेल त्याची."

फ्रेम घेऊन मी स्टेशनपर्यंत चालत आलो. घरी नेली नाही. ऑफिसच्या खणात आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

योगिनीला हे सगळं सांगितलेलं नाही. ती दमलेली दिसते. आज अंतराला शाळेत डबाच दिला नाही, विसरले म्हणाली. जेवायला दोनच ताटं घेतली. अंतरा स्वतःच उठली, ताट घेऊन आली आणि आईच्या पुढ्यात धरलं. योगिनीने वाढलं. पण आधी जरा थांबली.

नवीन गाव, नवीन घर. होतं असं.

९ डिसेंबर, सोमवार

आमच्या फोल्डरमध्ये चुका आहेत.

पहिल्या डिस्कवर. तलावपाळीची बोट नीट, पाणी नीट, योगिनी नीट. तिच्या मांडीवर राखाडी पट्टा. बारशाचा पाळणा नीट आणि आत राखाडी. मी एकेक करून सगळे उघडले.

फोनवरून तेच फोटो पुन्हा चढवले. अर्ध्या तासात पुन्हा तसेच झाले. फोनमधले मात्र चांगले आहेत. दुसऱ्या डिस्कवरचेही चांगले आहेत. अजून.

घरी आलो तेव्हा अंतरा जिन्यात बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. आईने दार उघडलं आणि कोण हवंय असं विचारलं, म्हणाली. मग आई हसली असेल, गंमत केली असेल, असं मी म्हटलं. अंतरा म्हणाली, "नाही बाबा. खरं विचारलं."

१० डिसेंबर, मंगळवार

ऑफिसच्या खाली चहाच्या टपरीवर एक माणूस रोज उभा असतो. साईनाथला नावाने हाक मारतो, दामलेंना नमस्कार करतो. ते दोघंही अनोळखी माणसाला करतात तशी मान हलवून पुढे जातात. आज त्याने मला थांबवलं. वर माझ्या खुर्चीवर बसता ना, म्हणाला. उशी मीच बांधलेली, कंबर दुखायची.

विश्राम.

तो हळू बोलतो, सवय गेल्यासारखा. मी अंतराच्या फोटोंचं सांगितलं. त्यानेही चाचणीसाठी स्वतःचेच फोटो टाकले होते. आधी बायको विसरली. आई आठवण ठेवून होती. मग त्याने दुरुस्ती चालवली, त्याला वाटलं फोटो नीट होतील. कल्याणला आईच्या दारात गेला तर तिने साखळी न काढता फटीतून बघितलं. आता महिन्यातून एकदा जातो, पत्ता विचारायच्या निमित्ताने. ती पाणी देते.

हे का होतं, कधीपासून होतं, त्याला माहीत नाही. सर्व्हर नवा घेतला तरी झालं, एवढंच म्हणाला. पण एक गोष्ट त्याने माझा दंड धरून सांगितली. "दोन प्रती वेगळ्या आहेत तोवर कुणीतरी एक जण ओळखतं. सारख्या झाल्या की संपलं. तुम्ही ओळखता ना मुलीला? मग दुसरी डिस्क काढा. आत्ता वर जाऊन काढा."

मी हसणार होतो. मालनबाई स्टुलावर चढल्या होत्या ते आठवलं.

काढली.

११ डिसेंबर, बुधवार

दामलेंना सांगितलं की डिस्क संशयास्पद आहे, घरी नेऊन तपासतो. त्यांना पटलं नाही. लग्नाचा मोसम आहे, एकाच डिस्कवर सर्व्हर किती दिवस चालवायचा, त्यांचा प्रश्न रास्त आहे. दोन दिवसांची मुदत मागितली.

डिस्क अंतराच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात वर ठेवली आहे.

परत लावता येणार नाही. जी डिस्क बाहेर होती ती शिळी, असं सर्व्हर मानतो. लावली की लगेच पहिलीवरचं हिच्यावर उतरवणार, विचारणारही नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

योगिनी चांगली आहे. हेच सहन होत नाही. तिने अंतराला रागावलं असतं, हाकललं असतं, तर भांडता आलं असतं. ती तिचे केस विंचरते. तिला लाडू देते. आणि मग स्वयंपाकघरात येऊन मला दबक्या आवाजात विचारते, "मुकुल, अरे हिची आई कधी येणार न्यायला? आपण किती दिवस ठेवायची?"

तिला फोनमधले फोटो दाखवले. बारशाचे. तिच्याच मांडीवर. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, गोड आहे रे. मी कुणाची धरली होती ही?

मी तिला हलवलं. दोन्ही खांदे धरून. तिला दुखलं असणार. अंतरा दारात उभी होती.

योगिनीला नौपाड्यातल्या डॉक्टरांकडे नेलं. जागा बदलल्याचा ताण म्हणाले, झोपेच्या गोळ्या दिल्या.

१५ डिसेंबर, रविवार

शाळेच्या बाईंना फोन केला. त्यांना अंतरा आठवते. खालच्या काकूंना नाही; चिवडा आणून दिलेला तेही नाही. माझ्या बहिणीला आठवते. सासूबाईंना नाही. म्हणाल्या, योगिनीला मूल नाही याचं मलाही वाईट वाटतं हो, पण असं काहीतरी मनाशी धरू नका.

निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

रोज सकाळी तिला समोर बसवून बघतो. अंतरा. माझी मुलगी. चिपळूणला झाली. डाव्या कानामागे तीळ. मासे मोजते. आज ती म्हणाली, "बाबा, तू माझ्याकडे असा का बघतोस? परीक्षेसारखा?"

ती आता आईला काकी म्हणते. कुणी शिकवलं नाही. तिने स्वतःच ठरवलं.

१७ डिसेंबर, मंगळवार

दामलेंचे फोन. उचलत नाही. साईनाथचेही. ऑफिसला जात नाही.

एक उपाय दिसतो. कोरी डिस्क आणायची, सर्व्हरला न लावता, दुसरीवरचं जसंच्या तसं तिच्यावर उतरवायचं. मग पहिलीवरही. दोन्हीकडे अंतरा. दोन्हीकडे शाबूत. मग काय व्हायचं ते—

डिस्क आणि ती जोडायचं यंत्र घोडबंदरला एका दुकानात आहे. नौपाड्यात नाही. उद्या जातो. अंतराला बरोबर नेतो, तिला घरी— योगिनी म्हणते मला परक्या मुलीची जबाबदारी नको. दुसरी डिस्क घरीच राहू दे. रिक्षात एक दणका बसला तर—

१८ डिसेंबर, बुधवार

कोरी डिस्क घेतली, परतीच्या रिक्षात लिहितोय. मानपाड्याच्या अलीकडे. काही हलत नाही.

योगिनीचा फोन आलेला. सहज केलेला. म्हणाली तुझ्या ऑफिसचा साईनाथ येऊन गेला, सरांनी डिस्क मागितली, कपाटात होती ती दिली, स्वेटर धुवायला टाकलाय.

साईनाथला लावला. "सर, टेन्शन नका घेऊ, मी लावली पण. आपोआप भरायला लागलीये. वीस टक्के झालं." काढ म्हटलं, ओढून काढ. तो म्हणाला दामले सर समोरच आहेत, मध्येच काढू नको म्हणतायत. मी ओरडलो. रिक्षावाला मागे बघायला लागला. फोन कट.

पुन्हा लावतोय. उचलत नाही.

विश्रामचा नंबर घेतला नाही. का नाही घेतला

अंतरा शेजारी आहे. चिक्की खातेय. अंतरा. माझी मुलगी. डाव्या कानामागे तीळ, आत्ता बघितला. चिपळूणला झाली, पाऊस होता की— योगिनीला नेलं ते कुणाच्या गाडीतून. दवाखान्याचं नाव. बाहेर बाकावर मी बसलो होतो आणि नर्स येऊन म्हणाली— काय म्हणाली

ऑफिसपर्यंत चालत गेलो तर. तिला उचलून. किती लांब आहे

नाव कुणी ठेवलं तिचं. माझ्या बहिणीने. बहिणीने? कानात सांगितलं, मी वाकलो होतो, पाळणा हिरवा— पाळणा होता

सिग्नल सुटला. थोडे हललो. परत उभे.

साईनाथने उचलला. अर्ध्याच्या वर गेलंय. मी पाया पडतो म्हटलं. तो घाबरला, सर तुम्हाला बरं वाटत नाहीये का. दामलेंनी फोन घेतला. मुकुलराव, शांत व्हा, काय गमावलंय तुमचं एवढं त्यात? मी सांगायला तोंड उघडलं आणि

माझी मुलगी. हे वाक्य लिहिता येतंय अजून. माझी मुलगी माझी मुलगी बोटीत गप्प बसली होती कारण ती

कारण ती

ती मला विचारतेय बाबा तू रडतोस का. मी तिला म्हटलं, बाळ, तुझं

१९ डिसेंबर, गुरुवार

बरं वाटतंय. नऊपर्यंत झोपलो.

काल घोडबंदरला कशाला गेलो होतो कोण जाणे, पिशवीत कोरी डिस्क आहे. बिल आहे म्हणजे परत करता येईल. दामलेंचा फोन येऊन गेला, सर्व्हर व्यवस्थित चालू आहे, दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या, एकही चूक नाही. आनंदात होते. काल मी फोनवर काय बोललो ते त्यांनी काढलं नाही, मलाही नीट आठवत नाही. मागची पानं उलटली तर 'अंतरा' हे नाव पुष्कळदा लिहिलेलं आहे. कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या फोल्डरचं असावं. वाचत बसायला आत्ता वेळ नाही.

कारण घरात एक मुलगी आहे. काल रिक्षातून उतरलो तेव्हा माझ्याबरोबर उतरली. योगिनी म्हणते बरेच दिवस इथेच आहे, मीच आणली होती. मला वाटतं चुकलेली आहे. सहाएक वर्षांची, पुढचे दात नाहीत. नाव विचारलं तर सांगत नाही, नुसती बघत राहते. सकाळपासून काही खाल्लं नाही. पोर गोड आहे. अशा मुलांचे आईबाप काय अवस्थेत असतील.

चौकीत नेऊन देतो. योगिनीने तिची वेणी घातली, पिशवीत एक स्वेटर दिला, अजून थोडा ओला आहे. ती रडत नाही. दाराला धरून उभी आहे.

रिक्षा खाली आली.

मी तिला समजावलं की घाबरू नको, तुझे बाबा सापडतील. तर तिने येऊन माझं बोट धरलं, लिहिण्याच्या हाताचं. सोड म्हटलं. सोडत नाही. म्हणते, बाबा, मी मासे मोज